कुत्र्याला मोकळं सोडायला चांगलं ऑफ-लीश पार्क कसं ओळखायचं?

चारपायांचीआई:
नमस्कार मंडळी, आमची झिपरी आता सव्वा वर्षाची झालीये, मिक्स ब्रीड, मध्यम बांध्याची, आणि अंगात उत्साह इतका की विचारू नका. सकाळ-संध्याकाळ लीशवर फिरवतो आम्ही पण तेवढ्याने तिचं काही होत नाही, घरी आल्यावर परत सोफ्यावरून पलंगावर आणि पलंगावरून सोफ्यावर सुरू. तिला एकदा मनसोक्त धावू द्यायचंय, मागे कोणी ओढत नाहीये असं.
जाता येईल अशा तीन जागा आहेत. एक मोठं पार्क, पण कायम गजबजलेलं. एक छोटं, बहुतेक वेळा रिकामंच असतं. आणि एक नुसतं मैदान, तीन बाजूंना कुंपण आणि चौथी बाजू सताड उघडी. रिव्ह्यू वाचायला घेतले तर एकाच पार्कला एकजण म्हणतो स्वर्ग आणि दुसरा म्हणतो चुकूनही फिरकू नका, मग कोणाचं खरं धरायचं?
झिपरीबद्दल सांगते, लसी सगळ्या झाल्यात, नसबंदीचं ऑपरेशन झालंय, माणसांशी एकदम प्रेमळ. घरात हाक मारली की पळत येते, बाहेर दुसरा कुत्रा दिसला की मात्र मी कोण कुठली. पार्क निवडताना नक्की काय बघायचं, आणि तिथे गेल्यावर ही खेळतेय की भांडण पेटायच्या बेतात आहे हे ओळखायचं कसं, हे जाणकारांनी प्लीज सांगा.

रानवारा:
ताई, पहिली फेरी झिपरीला घरी ठेवून करा, एकट्याच जा, कुंपणाबाहेर उभ्या राहा आणि नुसतं बघा. ज्या वेळेला तिला न्यायचा विचार आहे त्याच वेळेला जा, कारण सकाळचं पार्क आणि संध्याकाळचं पार्क ही दोन वेगळी पार्कं असतात, कुत्रे वेगळे, माणसं वेगळी. रिव्ह्यू उलटसुलट असतात त्याचं अर्धं कारण हेच आहे.
बघायचं काय तर आधी माणसं. गवत, बाकडी, ते अडथळ्यांचे बोगदे वगैरे सगळं नंतर. लोक आपापल्या कुत्र्याकडे बघतायत का मोबाईलमध्ये मान घालून बसलेत? एखादा कुत्रा दुसऱ्याच्या फार मागे लागला तर त्याचा मालक उठून त्याला बाजूला घेतो का, की लांबूनच ओरडतो "अहो काही करत नाही तो"? हे वाक्य जिथे सारखं कानावर पडतं तिथून मी सरळ परत फिरतो. शी उचलतायत का तेही बघा, जो माणूस स्वतःच्या कुत्र्याची शी उचलतो तो बाकीही लक्ष देतो असा माझा तरी अनुभव आहे.
मग गेट. चांगल्या पार्कला दोन फाटकं असतात, बाहेरचं उघडून आत यायचं, ते लावायचं, मधल्या छोट्या चौकात लीश काढायची आणि मगच आतलं उघडायचं. दोन्ही कधीही एकदम उघडी नसतात म्हणून कोणी सटकत नाही. ती कडी हाताने लावून बघा, आपोआप बसते का वर उचलून अडकवावी लागते, कारण घाईत येणारे लोक अडकवत नाहीत. लीश मधल्या चौकातच काढायची हे लक्षात ठेवा, बाकीचे सगळे मोकळे आणि एकटीच बांधलेली अशी आत गेली तर तिला पळताही येत नाही आणि नीट वळून हुंगताही येत नाही, मग कुत्रं घाबरून आधी अंगावर जातं.
आणि सगळ्यात जास्त भांडणं गेटपाशीच होतात. नवीन कुत्रा आला की आतले सगळे धावत येतात, पाच-सहा नाकं एकदम त्याच्या अंगावर. आतल्या लोकांना हाक मारून सांगायचं, जरा तुमच्या मुलांना मागे घ्या, आणि गर्दी पांगेपर्यंत मधेच थांबायचं, लाजायचं नाही अजिबात. आत शिरलात की उभ्या राहू नका, चालत सुटा, तुम्ही चाललात की तीही चालते आणि घोळका होत नाही. एका जागी गप्पा मारत उभे असलेले लोक आणि त्यांच्या पायात गोळा झालेले कुत्रे हे चित्र मला अजिबात आवडत नाही.
कुंपणाच्या बाजूने पूर्ण एक चक्कर मारा, खाली उकरलेलं भगदाड आहे का, जाळीची तार कुठे बाहेर आलीये का. लहान कुत्र्यांचा वेगळा भाग आहे का तेही बघा, झिपरी मध्यम आहे म्हणजे तिला मोठ्या भागात जावं लागेल पण तो भाग असणं तिच्याही फायद्याचं आहे, कारण एखादं चिमुकलं केकाटत पळायला लागलं की भल्या भल्या गरीब कुत्र्यांच्या डोक्यात शिकारीची कळ दाबली जाते. आकारात फार फरक असेल तर तिथे खेळ आणि शिकार यातलं अंतर फार थोडं राहतं.
तुमच्या तीनपैकी मी छोटं रिकामं घेईन. उघड्या बाजूचं मैदान सध्या बादच करा.

दवाखान्यातून:
मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते, त्यामुळे माझं लक्ष आधी जमिनीवर जातं. रानवारांशी बाकी सगळं सहमत, फक्त छोटं पार्क रिकामं का असतं हे आधी शोधा. कधीकधी काही कारण नसतं, आणि कधी तिथे पाणी साचून राहतं म्हणून नेहमीचे लोक टाळत असतात.
साचलेलं पाणी हा माझा पहिला मुद्दा. डबक्यात उंदरांची लघवी मिसळली की लेप्टोस्पायरोसिसचा धोका, आणि तो कुत्र्याला होतो तसा माणसालाही होतो. त्याची लस असते, दरवर्षी घ्यावी लागते, झिपरीच्या कार्डावर लेप्टो लिहिलंय का बघून घ्या, "सगळ्या लसी झाल्या" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांच्या कार्डावर ती नसते. पार्कात सगळ्यांसाठी ठेवलेल्या भांड्यातलं पाणी पण नको, जिआर्डिया नावाचा पोटातला परजीवी तसाच पसरतो आणि मग आठवडाभर पातळ शी. आपली बाटली आणि आपलं भांडं.
हे वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे पिल्लू असेल तर त्यांच्यासाठी, पार्व्हो या जीवघेण्या जुलाबांच्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, सावलीच्या ओलसर जागी तर वर्षभरसुद्धा, वरून जमीन कितीही स्वच्छ दिसू दे. पिल्लांच्या लसींचा शेवटचा डोस साधारण १६ आठवड्यांच्या वयाला किंवा त्यानंतर असतो, तो होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत पिल्लाला पार्कात नेऊ नका. तोपर्यंत कडेवर घेऊन जग दाखवा, ओळखीच्या, लस झालेल्या मोठ्या कुत्र्यांशी घरी भेटवा, पण पार्कची जमीन नको म्हणजे नको.
दुसरं कुसळं. गवत वाळलं की त्याची टोकदार कुसळं बोटांच्या बेचक्यात, कानात, नाकात शिरतात आणि ती पुढेच सरकत जातात, मागे येत नाहीत, त्यांची रचनाच तशी असते. पार्कातून आल्यावर कुत्रं एकच पंजा सारखा चाटत असेल किंवा एका बाजूला मान वाकडी करून डोकं झटकत असेल तर उद्या बघू म्हणू नका. दवाखान्यात आम्ही बोटांमध्ये फुगलेला एक लालसर गोळा बघतो, बाहेरून टाचणीच्या टोकाएवढं भोक, आणि आतून ओढून काढल्यावर अख्खं कुसळ निघतं. म्हणून गवत कापलेलं आहे का ते बघा. उंच वाळलेलं गवत असेल तर तो सीझन सोडून द्या. आल्यावर गोचिड्याही तपासा, गळपट्ट्याखाली, कानाच्या आत, काखेत, बोटांच्या बेचक्यात. बेबेसिया आणि एर्लिकिया हे दोन्ही रक्ताचे आजार गोचिडीतून येतात आणि सुरुवातीला नुसतं कुत्रं जरा मलूल दिसतं, एवढंच.
आणि ऊन. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही, धापा टाकूनच अंग थंड करायचं, त्यामुळे खेळाच्या नादात ते स्वतःहून थांबत नाही, तुम्हाला थांबवावं लागतं. अंगाचं नॉर्मल तापमान साधारण ३८ ते ३९ डिग्री सेल्सियस, ४१ च्या पुढे गेलं तर जिवावर बेततं. हिरड्या लालभडक, लाळ चिकट, चाल डुगडुगती अशी दिसली तर आधी सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि मग गाडीत घाला, गार करायला दवाखान्यापर्यंत थांबू नका. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर फार लवकर होतं हे. पार्कात झाडांची खरी सावली आहे का, आणि ती तुम्ही जाणार त्या वेळेला कुठे पडते हे बघा.

चारपायांचीआई:
बापरे, दोघांचेही खूप आभार! लेप्टोचं कार्ड आत्ता काढून बघितलं, आहे लस, पण पुढच्या महिन्यात ड्यू आहे, म्हणजे आधी ती घेऊनच टाकते. आता दुसरा प्रश्न राहिलाच की, खेळ आणि भांडण कसं ओळखायचं? झिपरी खेळताना गुरगुरते, दात दाखवते, समोरच्याच्या मानेला धरते, बघणाऱ्याला वाटेल हाणामारीच चाललीये.

ओलंनाक:
गुरगुरण्यावर जाऊ नका, अंगाकडे बघा. खेळणारं कुत्रं सैल असतं, सगळं अंग लवलवतं, पळणं उड्या मारत, उगाच जास्तीचं, आणि मधूनच पुढचे पाय जमिनीला टेकवून ढुंगण वर. त्याला इंग्रजीत प्ले बाऊ म्हणतात, मार्क बेकॉफ नावाच्या शास्त्रज्ञाने त्यावर बरीच वर्षं अभ्यास केलाय, चावण्याच्या आधी किंवा नंतर कुत्री असं वाकतात म्हणजे एक प्रकारे सांगतात की आता जे करतोय ते खेळातलं आहे. दुसरी खूण म्हणजे पाळ्या बदलतात. आत्ता ही मागे लागली, थोड्या वेळाने तो मागे लागेल, मोठं कुत्रं मुद्दाम खाली पडून छोट्याला वर चढू देतं. आणि मधेमधे थांबतात, अंग झटकतात, जमीन हुंगतात, परत सुरू. हे थांबणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. थांबणं संपलं, वेग नुसता वाढतच चालला, एकच कुत्रं सतत खाली आणि दुसरं सतत वर, की हाक मारायची वेळ झाली.
बिघडतंय हे ओळखायला बघायचं ते ताठपणा. तोंड एकदम बंद होतं, अंग लाकडासारखं, शेपूट ताठ वर किंवा पोटाखाली, डोळ्याचा पांढरा भाग कोपऱ्यातून दिसायला लागतो, आणि एक क्षण सगळं गोठतं. तो गोठलेला क्षण चुकवू नका, त्याच्या पुढे काय होईल ते बघत बसायचं नाही. घाबरलेल्याची भाषा अजून हळू असते, जीभ नाकावरून फिरवणं, झोप आलेली नसताना जांभया, तुमच्या पायांमागे येऊन उभं राहणं. पायांमागे आली तर "जा ना बेटा खेळ" म्हणून ढकलू नका, ती तुमच्याकडे मदत मागायला आलेली असते, तिला घेऊन चालायला लागा.
शेपूट हलतेय म्हणजे खूश हा समज काढून टाका. २००७ साली इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की मालक दिसला की कुत्र्याची शेपूट जरा उजवीकडे जास्त हलते आणि अनोळखी, दादागिरी करणारं कुत्रं दिसलं की डावीकडे. पार्कात उभं राहून हे काही डोळ्यांनी मोजता येत नाही, पण हलणारी शेपूट एकच गोष्ट सांगत नसते एवढं त्यातून कळतं.
शंका आली तर एक साधी परीक्षा आहे. जी जास्त जोर करतेय तिला गळपट्ट्याला धरून बाजूला घ्या आणि दुसरीला मोकळं सोडा. दुसरी परत हिच्याकडेच आली, शेपूट हलवत, तर खेळ होता. ती निघून गेली तर तिला नकोच होतं, मग हिला दुसरीकडे न्या.
अजून एक बोलायचंय आणि ते मनापासून बोलतो. सव्वा वर्ष हे वय असं आहे की पुढच्या वर्ष-दोन वर्षांत झिपरी बदलू शकते. एक ते तीन वर्षांच्या दरम्यान कुत्री स्वभावाने प्रौढ होतात आणि लहानपणी दिसेल त्याच्याशी खेळणारी बरीच कुत्री मग अनोळखी कुत्र्यांकडे पाठ फिरवतात. त्यात काही बिघडलेलं नसतं. आपणसुद्धा बालवाडीत कोणाच्याही हातात हात घालतो, मोठेपणी घालतो का? तर पार्क चांगलं आहे की नाही याच्या आधी, तिला तिथे आवडतंय की नाही हे दर वेळेला नव्याने बघा.

शिट्टी:
सगळ्यांनी छान लिहिलंय पण मूळ दुखणं कोणी धरलं नाही, ताई स्वतःच म्हणतायत की दुसरा कुत्रा दिसला की ऐकत नाही. मग गेट दोन असोत की चार, आत भांडण पेटलं तर हिला परत कसं आणणार? माझ्या मते ऑफ-लीश पार्क हे रिकॉल, म्हणजे हाकेला परत येणं, शिकवायची जागा नाही, आधी शिकवून मग जायची जागा आहे.
आणि रानवारा, ज्या मैदानाला तुम्ही बाद केलंत तेच मला या कामासाठी सगळ्यात बरं वाटतं, फक्त मोकळं न सोडता. १० मीटरची लांब दोरी घ्या, गळपट्ट्याला नाही तर हार्नेसला (छातीभोवती बांधतात तो पट्टा) मागून लावा, नाहीतर पळता पळता दोरी संपली की मानेला जोरात झटका बसतो. हातात ग्लोव्हज घाला. दोरी हाताला गुंडाळायची नाही, जमिनीवर मागे ओढत येऊ द्या आणि गरज पडली तर टोकावर पाय ठेवा. तिला वाटतं आपण मोकळ्या आहोत, तुम्हाला माहीत असतं की नाही आहे.
मग हाक. नाव सोडून एक वेगळा शब्द किंवा शिट्टी ठरवा, कारण नाव आपण दिवसभर रागावतानाही घेतो. सुरुवातीला ती नुसती तुमच्याकडे बघत असताना वाजवा आणि तिच्या सगळ्यात आवडीचा खाऊ द्या, रोजचा कोरडा नाही. मग ती हुंगत असताना, मग लांबवर एखादा कुत्रा दिसत असताना, आणि अंतर अगदी हळूहळू कमी करा. कुत्रा इतका जवळ आला की तिला ऐकूच येत नाही असं झालं, तर शब्द वाया घालवू नका, दोरीने हळूच लांब व्हा आणि अजून लांबून परत करा.
लोक सगळ्यात जास्त करतात ती चूक म्हणजे हाक फक्त घरी जायच्या वेळेला मारतात. कुत्र्याला दोन दिवसात कळतं की आली हाक म्हणजे संपली मजा, मग कशाला येईल? बोलवा, खाऊ द्या, "जा" म्हणून परत सोडा, असं पुन्हा पुन्हा. आणि उशिरा आली तरी ओरडायचं नाही, कितीही वैताग आलेला असू दे. शेवटी आली ना तुमच्याकडे, त्याच क्षणी रागावलात तर तिला कळतं की तुमच्याकडे येणं वाईट.
दोरी पार्कात इतर कुत्र्यांमध्ये मात्र अजिबात नको, पायात गुंतते, माणसांच्याही.

रानवारा:
शिट्टी यांचं बरोबर आहे, मैदान मी सरसकट काढून टाकलं पण दोरीवर शिकवायला ते उत्तमच, मोकळी जागा मोठी आणि कुत्रे कमी. माझा मुद्दा मोकळं सोडण्यापुरता धरा.

चारपायांचीआई:
म्हणजे आधी मैदान आणि दोरी, मग छोटं पार्क गर्दी नसताना, असं ठरवते. मोठ्या पार्कचं नंतर बघू. दोन बारीक प्रश्न आहेत, सॉरी, पार्कात जाताना हार्नेस ठेवायचा का काढायचा? आणि खाऊ खिशात चालतो का, आणि तिचा बॉल? आणि देव न करो पण खरंच भांडण लागलं तर काय करायचं?

दवाखान्यातून:
हार्नेस काढा, साधा सपाट गळपट्टा ठेवा, त्यावर तुमचा फोन नंबर असलेली पट्टी. खेळताना समोरच्याचा दात किंवा पाय हार्नेसच्या पट्ट्यात अडकतो आणि मग दोघंही घाबरून ओढाताण करतात. साखळीचा किंवा काट्यांचा पट्टा तर मुळीच नको. मायक्रोचिप (कातडीखाली बसवतात ती नंबराची चिप) असेल तर उत्तम, पण तो १५ आकडी नंबर स्कॅनरने वाचल्यावरच कळतो, त्याने कुत्रं कुठे आहे ते सापडत नाही, म्हणून चिपच्या नोंदीत तुमचा आत्ताचा नंबर आहे का तेवढं तपासा. फोन बदलल्यावर ही नोंद बदलायची बहुतेकांची राहून जाते.
भांडणात तोंडाजवळ हात घालायचा नाही, गळपट्टा धरायला तर नाहीच, चावे बसतात ते असेच. जोरात आवाज करा, पाणी ओता, मधे काहीतरी आडवं धरा, जॅकेट, पिशवी, जे असेल ते. सुटल्यावर दोघांना दोन दिशांना न्या आणि परत समोरासमोर आणू नका. मग अंगभर बोटं फिरवून बघा, केस बाजूला करून. बाहेरून दातांची दोन छोटी भोकं दिसतात पण कुत्र्याची कातडी सैल असते, आत स्नायू फाटलेला असू शकतो, त्यामुळे भोक छोटं आहे म्हणून घरी नेऊन हळद लावू नका, त्याच दिवशी दाखवा. माणसाला चावा बसला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टर, रेबीजचा प्रश्न असतो तो, कुत्र्याचा मालक काहीही सांगू दे.

ओलंनाक:
बॉल घरी ठेवा. एकटीच असेल पार्कात तर ठीक आहे, पण दुसरं कुत्रं आत आलं की उचलून पिशवीत. "माझं" म्हणून भांडण सुरू व्हायला बॉल, काठी आणि खाऊ या तीनच गोष्टी पुरतात, आणि घरी कधीही गुरगुरत नाही असं कुत्रंसुद्धा तिथे गुरगुरतं.

शिट्टी:
खाऊ न्या, पण घट्ट झाकणाच्या डबीत, खिशात सुटा नको, वासावर अख्खं पार्क तुमच्या मागे येईल. झिपरी हाकेला आली की तिला घेऊन दहा-वीस पावलं बाजूला चाला, आजूबाजूला कोणी नाही बघा, तिथे तिला द्या आणि परत सोडा. दुसऱ्याच्या कुत्र्याला विचारल्याशिवाय देऊ नका, बऱ्याच जणांना कसली कसली ॲलर्जी असते. आणि गर्दी असेल त्या दिवशी खाऊ काढूच नका, नुसती पाठ थोपटा आणि "जा" म्हणा, परत पळायला मिळालं हेच तेव्हा बक्षीस.